उभा ऊस आणि दिल्लीचं पत्र

बारामती मागे पडली आणि आमच्या गाडीपुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागला. मार्ताने कॅमेऱ्याची बॅग उघडली. “नको!” मी जवळजवळ ओरडलेच.

मार्ता पोलंडची दिग्दर्शिका. तिकडे बीटापासून साखर करतात, आणि तिच्या चित्रपटाची नायिका लग्न होऊन आपल्या उसाच्या मुलखात येते. इथलं चित्रीकरण पार पाडणं हे माझं काम. परक्या देशात शूटिंग म्हणजे चित्रीकरणाचा वेगळा व्हिसा, संहितेची तपासणी, सोबतच्या प्रत्येक लेन्सची नोंद. हे सगळं नीट झालं, तर इथल्या खर्चाचा काही भाग सरकार परत देतं. त्या भरवशावरच हा सिनेमा उभा होता. पण अर्जात एका लेन्सचा क्रमांक मी चुकीचा लिहिला होता; दुरुस्ती पाठवली, तरी दिल्लीचं परवानगीपत्र अडकलं होतं. त्याआधी एक दृश्य जरी टिपलं, तरी तो परतावा गेला असता.

लासुर्ण्याचे शेतकरी तात्या यांचा ऊस तुऱ्यावर आलेला. मार्ताला हवा होता तसाच. तात्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “ताई, उद्या उसाची तोड हाय. कारखान्याची टोळी आलीया.”

मी पेला खाली ठेवला. “दोन दिवस थांबता नाही येणार?”

“पाळी सोडली तर परत कवा येईल, सांगता येत न्हाय. ऊस वाळून वजन घटतंय.”

पुढे मागायला माझी जीभ रेटेना. त्यांच्या सूनबाई सुनंदा पिठलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. पहिल्याच घासाला मार्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिने चटणी पुन्हा मागून घेतली. सुनंदाताई हसल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “शेजारी आण्णांची पाळी आपल्या मागनं हाय. अदलाबदल केली तर?”

तात्यांनी शेजारच्या रानाकडे पाठ फिरवली. आण्णा त्यांचे चुलतभाऊ. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं.

“तुमी न्हाय गेला तर मी जाते,” सुनंदाताई म्हणाल्या.

तात्यांनी टोपी घातली आणि बांध ओलांडला. आम्ही ओट्यावरून पाहत राहिलो. आण्णा हातातलं खुरपं टाकून पुढे आले. मग आण्णा मोठ्याने म्हणाले, “व्हय रं, पण इतकी वर्सं काय झालं हुतं तुला यायला?”

सकाळी कोयते आण्णांच्या रानात चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला: दुरुस्ती मान्य, पत्र पाठवलंय. मी बांधावरच मटकन बसले आणि रडले. मार्ताला वाटलं, नकार आला. खरं कळल्यावर तिने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी पाटात पडता पडता वाचलो.

बारामतीत थांबलेली नायिका आणि बाकीची मंडळी आली आणि उन्हं कलताना तुऱ्यांवरून कॅमेरा फिरला. सुनंदाताईंनी नायिकेला पदर खोचायला शिकवलं, ते दृश्यही मार्ताने ठेवलं.

परतताना बारामती मागे पडली तेव्हा तात्यांचा फोन आला. “टोळी आमच्या रानात लागली, ताई. काळजी करू नका.” मागून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारत होतं. तो आवाज आण्णांचा होता.

परवानगीच्या कागदांत इतकी वर्षं गेली माझी, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन मागणं मला जमत नव्हतं. तात्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं. मी फोन ठेवला, सीट मागे केली आणि पुण्यापर्यंत गाढ झोपले.