बंद घराची फुली

घरात असताना "घरात कोणी नाही!" असं मी आतून ओरडलो, ही चूक मान्य. पण आमच्या काळाचौकीच्या चाळीत हल्ली दार वाजलं की बिल्डरचा माणूस असतो, पुनर्विकासाच्या कागदावर सही मागायला. मला वाटलं, तोच. त्यावर तीन वर्षांची नात माझ्याहून मोठ्यांदा म्हणाली, "आजोबा, मी आहे ना!"

बाहेरून बाईचा आवाज आला, "पोलिओचा डोस आहे हो! रविवारी बूथवर आला नाहीत, म्हणून घरी आलेय."

आता एकदा घरात नाही म्हटल्यावर घरातून बाहेर कसं यायचं? नातीच्या तोंडावर हात ठेवून मी गप्प बसलो. दारावर खडू करकरला. मग त्या आरोग्यसेविका शेजारणीला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मजल्यावर बंद घर बोलतं हो! फुली मारलीय. उद्या येते परत."

फुली म्हणजे या घरातल्या मुलाचा डोस राहिला. संध्याकाळपर्यंत अख्खा मजला मला "काय बंद घर, चहा झाला का?" विचारायला लागला. बायको बाजारातून आली, तिने फुली पाहिली, शेजारणीकडून सगळं ऐकलं आणि हसत हसत भाजी निवडायला बसली.

सूड घ्यायचा हे मी तिथेच ठरवलं. बाई उद्या तीन जिने चढून येणार ना? फुकट चढवायच्या.

सकाळी नातीला खांद्यावर घेतलं आणि चालत भोईवाड्याकडचा पालिकेचा दवाखाना गाठला. एरवी तिला नाक्यावरच्या बालवाडीत सोडायचं म्हटलं तरी माझा गुडघा धरतो. त्या दिवशी रागाच्या भरात गुडघा आठवलाच नाही. दोन थेंब पाजले, करंगळीच्या नखाला शाई लावून घेतली आणि परतताना वाटभर तालीम.

"बाई आल्या की काय दाखवायचं?"

"करंगळी!"

दुपारी बाई आल्या. घामाघूम, खांद्याला लशीची पेटी. मी दार सताड उघडलं. "उगाच चढलात. आमचं काम झालंय."

नातीने करंगळी नाचवली. बाईंनी ते नख उजेडात धरून नीट पाहिलं, आणि माझ्याकडे बघून चक्क हात जोडले.

"काका, देव तुमचं भलं करो! माझ्या यादीतली ही शेवटची फुली. बाकीच्या घरांत पोर पलंगाखालून ओढून काढावं लागलं. तुम्ही तर शाईसकट तयार ठेवलंत!"

त्यांनी तळहाताने फुली पुसली, खडूने तिथे डोस झाल्याचा 'पी' काढला आणि बायकोच्या हातचा दोन कप चहा पिऊन गेल्या.

मी दारातल्या त्या 'पी'कडे बघत उभा होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, बालवाडीच्या बाईंशीही एकदा भांडून घ्या. म्हणजे हिला रोज सोडायला जाल."