मास्तरांसारखाच अर्ज

तुरुंगासमोरच्या फुटपाथवर टाइपरायटर मांडून बसणाऱ्या टायपिस्टकाकांचा दयेच्या अर्जात हातखंडा होता. सरकारविरुद्ध बोलून आत गेलेल्यांच्या घरची माणसं त्यांच्याकडेच यायची. प्रत्येक अर्जात काका एक ठरलेलं वाक्य घालायचे, ‘दुसऱ्यांच्या नादी लागून माझ्या हातून चूक झाली.’ साहेब लोक त्याने जरा विरघळतात, असा त्यांचा अनुभव. शाळामास्तरांच्या अर्जातही त्यांनी ते न विचारता ठोकून दिलं, आणि मास्तरांनी न वाचता सही केली.

मास्तर सुटले. पण त्याआधी एका अधिकाऱ्याने विचारलं, नादी लावणारे कोण? मास्तरांनी तोंड उघडलं नाही, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या रोजच्या उठबशीतल्या बुकबाइंडरला उचललं. हे कानावर आल्यापासून काकांना घास गोड लागत नव्हता.

आज त्याच बुकबाइंडरची बायको समोरच्या स्टुलावर येऊन बसली. काकांनी कागद चढवला, नाव टाइप केलं, कैदी नंबर टाइप केला, आणि त्या वाक्यापाशी बोटं अडली. गाळावं तर हिचा नवरा आत सडणार. घालावं तर उद्या आणखी कुणाच्या तरी दारात जीप उभी राहणार.

“ताई, पुढे काय लिहू?” त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.

“मला काय कळतंय काका,” ती म्हणाली. “मास्तरांचा लिहिला होतात ना, अगदी तस्साच लिहा. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात.”