शिक्का नसलेलं जनावर

सेथुन्याच्या विमानाच्या शेपटीवर आज नोंदणीची अक्षरं आहेत आणि ती लांबूनही वाचता येतात. पण ती अक्षरं मिळेपर्यंत तिच्या तळपायाची आग किती वेळा मस्तकात गेली, ते मोसेत्लेंग गावाला विचारा.

तिचा धंदा बोअरवेलचे पंप दुरुस्त करण्याचा. कलहारीच्या वाळवंटात गुरांचे तळ गावापासून लांब आणि मधे नुसती वाळू. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला की गुरं कोरड्या हौदाभोवती हंबरत उभी राहतात आणि मग एकेक करून खाली बसतात. तिच्या वडिलांच्या तळावर तेच झालं. ती सुटा भाग घेऊन निघाली, गाडी वाळूत रुतली, आणि ती पोचली तेव्हा गिधाडं तिच्या आधी पोचली होती. वडिलांनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठलेच नाहीत. मागे उरलेली गुरं तिने विकली आणि दक्षिण आफ्रिकेतून एक जुनं छोटं विमान विकत आणलं. तिकडे नोकरीला असताना ती विमान चालवायला शिकली होती. पुढच्या उन्हाळ्यात कुणाचीही गुरं वाळूपायी मरू द्यायची नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मोत्सुमीमामाने, तिच्या आईच्या सख्ख्या भावाने, भररस्त्यात तिची लाज काढली.

"बापाची गुरं विकून पत्रा आणलास! पत्र्याला वासरं होतात का गं?"

त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

मामाचं एक वेळ समजून घेता येईल. गुरांपलीकडे त्याला जग नाही. पण राजधानीतल्या विमानांच्या ऑफिसातल्या शहाण्यांना काय धाड भरली होती? आधी म्हणाले, जुन्या देशातली नोंद रद्द करून आणा, त्याशिवाय इथे नोंद नाही. तिने ती रद्द करून आणली, शेपटीवरची जुनी अक्षरंही स्वतःच्या हाताने खरवडली. मग म्हणाले, आता विमान तपासणीला इकडे घेऊन या.

"नोंदच नाही तर उडवू कशी, साहेब?" तिने फोनवर विचारलं.

"उडवलंत तर जप्त करू," मोगापी नावाचे मुख्य तपासनीस म्हणाले.

"मग तुम्हीच या ना बघायला."

"माझं वेळापत्रक भरलंय, बाई."

भरलंय म्हणे! पाऊस संपला, थंडी सरली, तरी साहेबांचं वेळापत्रक काही रिकामं होईना. विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर तसंच उभं. आयातीची तात्पुरती परवानगी संपत आली होती. ती संपली की विमान परत पाठवायचं, नाहीतर सरकारजमा. अंगावर मालकाचा शिक्का नसलेलं भटकं जनावर सरकार धरून नेतं आणि लिलावात काढतं, तसंच हिच्या विमानाचं होणार, असं लोक तिच्या तोंडावर म्हणू लागले. शेवटी तिने धावपट्टीकडे जाणंच सोडलं. बघितलं की जीव जळायचा.

आणि एक दिवस मोगापीसाहेब गावात हजर! कशाला? तर छोट्या विमानांमुळे दूरच्या गावांचं कसं भलं होणार, यावर खोतल्यात, म्हणजे गावसभेत, भाषण ठोकायला. जीपने आले होते.

सेथुन्या पंपाखालून उठली ती तेलाने माखलेल्या विजारीतच खोतल्याकडे धावली. दारातच गावप्रमुखाच्या माणसाने तिला अडवलं.

"विजार घालून बाईला आत येता येत नाही. ठाऊक नाही का?"

ठाऊक होतं. हा नियम ज्याने केला त्याचं काय करावं, तेही तिला ठाऊक होतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कमरेला घोंगडी गुंडाळली आणि गाठ करकचून आवळली. मोत्सुमीमामा होता.

"बघतेस काय? जा, बोल."

खोतल्यात बोलणाऱ्याला मधे कुणी तोडत नाही. ती मरणाऱ्या गुरांवर बोलली, टोलवाटोलवीवर बोलली, साहेबांचं ते भरलेलं वेळापत्रकही तिने त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. लोक हसले. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "सोमवारी ऑफिसात या, बघू."

मामा उठला. "सोमवार कशाला? जनावर इथंच आहे. चला, बघा."

गावप्रमुखही उठले. ते उठल्यावर कोण बसणार? साहेबांनाही निघावं लागलं.

धावपट्टीवर सेथुन्या जागीच थबकली. विमानाभोवती काटेरी फांद्यांचं छातीएवढं कुंपण होतं, गुरांच्या वाड्याला घालतात तसंच. काचांवर गोणपाट टाकून दोरीने बांधलं होतं. दोरीची गाठ तिने ओळखली. तिच्या कमरेलाही तीच होती.

"हे काटे कुणी घातले?" साहेब वैतागले. "तपासणी करू कशी?"

"मी घातले," मामा म्हणाला. "शिक्का लागेपर्यंत जनावर कोंडून ठेवावं लागतं. गाढवं पंखाला अंग घासतात."

"मग काढा ते."

मामाने सावकाश जमिनीवर बसकण मारली. "माझं वेळापत्रक भरलंय, साहेब."

गावातलं कुणी हललं नाही. शेवटी साहेबांनी स्वतःच एक फांदी धरली, तोच कोटाची बाही काट्यात अडकली. सेथुन्या मदतीला पुढे झाली, तर मामाने घोंगडीचं टोक धरून तिला मागे खेचलं.

"थांब. काढू दे त्याला."