हे ऱ्हाणार कुटं?

औषधाचं नवं खोकं हातात आलं की बाई ते आधी उलटं करायच्या. औषधाचं नाव, कंपनी, वरचं चकचकीत चित्र यांतलं काही त्या बघत नसत. चष्मा कपाळावर सरकवून खोकं डोळ्यांजवळ न्यायच्या आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली, औषध कसं ठेवायचं ते सांगणारी शेवटची ओळ वाचायच्या. मग विचारायच्या, "समदं बरं हाय. पण हे ऱ्हाणार कुटं?"

सोलापुरातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात त्या फार्मासिस्ट होत्या. मी तिथं सांध्यांच्या आजारांचे रुग्ण पाहतो. देशात नव्यानं मंजूर झालेलं औषध आमच्याकडे घ्यायचं की नाही, हे ठरवणारी आमची एक लहानशी समिती आहे. तीन डॉक्टर आणि बाई. आम्ही औषध सुचवायचं, त्यांनी ते तपासायचं. त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक नव्या औषधाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असे, 'कागद काय म्हणतो'. उजव्या पानावर, 'हितं काय झालं'. डावं पान बैठकीआधी भरलेलं असे. उजवं भरायला वर्ष जाई, कधी दोन.

बाई मूळच्या मोहोळकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. शिकून शुक्रवार पेठेत येऊन राहिल्या, पण बोलणं त्यांनी बदललं नाही. कंपनीचे साहेब इंग्रजीतून औषधाच्या चाचण्यांचे तक्ते दाखवत असले की बाई मध्येच विचारायच्या, "ह्यात साठीच्या वरच्या बाया किती व्हत्या?" साहेब घाईनं पुढचा तक्ता लावत. बाई म्हणायच्या, "मागचाच दाखवा की."

असं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. बैठकीत त्याच्या शेजारी बसायला आपण जरा कचरतो. मीही कचरायचो. माझी एक आवडती गोळी त्यांनी दोनदा परत पाठवली होती. त्या गोळीवर असताना दर महिन्याला रक्त तपासावं लागे. बाई म्हणाल्या, "वळसंगचा माणूस सुगीत रक्त द्यायला यील का? न्हाई यायचा. पण गोळी गिळतच ऱ्हाईल." मला राग आला होता. बरोबर त्या होत्या, म्हणून जास्तच आला होता.

अशात नरसम्मा माझ्याकडे आली. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, जन्मभर बिड्या वळलेली बाई. वय पंचेचाळीसच्या आत, पण बोटांचे सांधे सुजून तांबडे झालेले. बिडीचं पान कापायची कात्री तिच्यानं धरवत नव्हती. वेणी तिची मुलगी घालायची. जुनी औषधं एकामागून एक देऊन झाली होती. मी बोटांचं नाव काढलं की ती हात पदराखाली घ्यायची.

त्याच सुमारास तिच्या आजारावरचं एक नवं इंजेक्शन आपल्याकडे मंजूर झालं. पंधरा दिवसांतून एकदा घरीच टोचून घ्यायचं. खर्च उचलायला एक ट्रस्ट तयार होता. मी उड्या मारतच बैठकीला गेलो.

बाईंनी खोकं उलटं केलं. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं होतं, पण गोठू द्यायचं नव्हतं.

"हे ऱ्हाणार कुटं?"

"तिच्या शेजारी किराणा दुकान आहे. तिथं फ्रीज आहे," मी म्हणालो. "बाई, या वेळी तरी अडवू नका. तिचे हात जातील हो."

बाईंनी खोकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आठ दिस द्या मला."

मे महिना होता. बाई रोज ड्यूटी संपवून रिक्षानं नरसम्माच्या घरी जाऊ लागल्या. इंजेक्शनचं एक रिकामं खोकं आणि त्यात बारकं थर्मामीटर, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकडा लक्षात ठेवणारं. एक दिवस ते माठाशेजारी ठेवलं, एक दिवस कपाटात, मग दुकानातल्या फ्रीजमध्ये. पत्र्याखाली बसून घामाघूम होत बाई आकडे लिहीत. नरसम्मानं हसत विचारलं, "अक्का, माझ्या घराला ताप आलाय का?"

"लई," बाई म्हणाल्या. "उतरंना झालाय."

दुकानदाराला वाटलं, ही सरकारी तपासणी आहे. त्यानं घाईनं प्लॅस्टिकच्या पिशव्या गल्ल्याखाली दडवल्या आणि बाईंना थंडगार सोडा दिला. बाईंनी सोडा घेतला नाही. त्याचा फ्रीज दिवसातून किती वेळा उघडतो आणि वीज केव्हा जाते, एवढंच विचारून आल्या.

नवव्या दिवशी बैठक झाली. बाईंनी आकडे वाचले. माठाशेजारचा उकाडा इंजेक्शनला चालणारा नव्हता. दुकानाचा फ्रीज दुपारी कोमट व्हायचा आणि पहाटे मागच्या बाजूला बर्फ धरायचा. समितीच्या अध्यक्षांनी पेन उचललं. "म्हणजे नामंजूर," ते म्हणाले.

"थांबा की," बाई म्हणाल्या. "मी कुटं न्हाई म्हटलं? औषध चांगलं हाय. मी समदं वाचलंय, दोनदा वाचलंय. ह्या बाईला तेच लागतंय. फकस्त तिच्या घरात द्यायचं न्हाई. आपल्या फ्रीजमदी ठेवू. ती हितं यील, मी टोचीन."

"रोजच्या बिड्या टाकून ती येणार कशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"रविवारी कारखाना बंद असतोय. रविवारी यील."

"रविवारी आपला औषध विभागही बंद असतो, बाई."

"माझ्याकडं किल्ली हाय की."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं या बाईंना मी औषधं अडवणारी समजत होतो, त्याची लाज वाटत होती.

त्यानंतर एकाआड एक रविवारी बाई येत राहिल्या. नरसम्माच्या पाठोपाठ तसल्याच दुखण्याच्या आणखी चार जणी आल्या. बाई आधी प्रत्येकीला समोर बसवायच्या. ताप आला का, खोकला हाय का, घरात कुणी आजारी हाय का, असं विचारून मगच फ्रीज उघडायच्या. या इंजेक्शननं शरीराची रोगाशी झुंजायची ताकद थोडी कमी होते, म्हणून एवढी चौकशी.

एका रविवारी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, नरसम्माला टोचलं न्हाई. आठ दिस खोकतीया, आन् मला म्हणती धूळ हाय. तुमी आत्ता या."

मी आधीच्या बुधवारीच तिला तपासलं होतं. तेव्हा ती खोकली नव्हती, किंवा मी नीट विचारलं नव्हतं. छातीचा फोटो काढला. न्युमोनियाची सुरुवात होती. त्या दिवशी इंजेक्शन गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टर असल्यानं मला नीट ठाऊक आहे. उपचार झाले, ती बरी झाली, काही आठवड्यांनी इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. बाईंनी वहीच्या उजव्या पानावर लिहिलं, 'खोकला लपवतात. दोनदा विचारायचं.'

पुढं कंपनीचा एक अधिकारी आला. गरम गावांत औषध कसं टिकतं याची त्याला माहिती हवी होती. त्यानं वही मागितली. बाई म्हणाल्या, "वही देणार न्हाई. झेरॉक्स देते." काही महिन्यांनी त्या इंजेक्शनसोबत गार पिशवी आणि तापमान दाखवणारी पट्टी येऊ लागली. आणखीही कुणी तशी मागणी केली असेल. पण आमच्या औषध विभागात पहिली पिशवी आली तेव्हा मी ती उचलून सगळ्या वॉर्डांत दाखवत फिरलो, जणू मीच काही केलं होतं. बाई म्हणाल्या, "ठेवा ती खाली. लहान हाय, अजून मोठी पायजे व्हती."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे कर्नाटकात राहायला गेल्या. सत्कार नको म्हणाल्या. नोकरीतला शेवटचा रविवार होता. मी मुद्दाम गेलो. इंजेक्शनं टोचून झाली होती, तरी पाचही जणी बाकावरून उठत नव्हत्या. नव्या फार्मासिस्टला किल्ली देऊन बाई निघाल्या, तशी नरसम्मा पुढं झाली. केसांत तिनं स्वतः माळलेला गजरा होता. तिनं बाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. घट्ट, अगदी जोर लावून.

"अगं सोड," बाई म्हणाल्या, "दुखतंय की मला."

नरसम्मानं सोडला नाही. बाईंनीही हात ओढून घेतला नाही.