नंबर एक, माणसं दोन

फोन कंपनीत ती डेटाबेसचं काम करायची. म्हणजे ग्राहकांची माहिती कुठल्या तक्त्यात कशी ठेवायची, हे ठरवायची. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं 'पण-का'. कुणी काही सांगितलं की हिचा पहिला प्रश्न तोच.

एक दिवस तक्रार आली. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मदत केंद्राला फोन केला की तिथली मुलगी म्हणायची, "बोला सर!" स्क्रीनवर नाव भलत्याच माणसाचं. कितीदा दुरुस्त केलं, तरी ये रे माझ्या मागल्या.

"हाताने बदल आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

"पण का येतं परत?"

साहेबांनी कपाळाला हात लावला.

तिने थेट त्या बाईंनाच फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली.

"अहो, हा नंबर आधी पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांचा होता. ते वारले. अजून लोक विचारतात, 'मास्तर, उद्या क्लास आहे ना?' मग मीच बातमी सांगते. एक बाई तर रडायलाच लागल्या. ओळख ना पाळख, आणि समजूत घालतेय मी!"

झालं, तिच्या डोक्यात भुंगा शिरला. तिने जुनी रचना उघडली. तिथे नंबर हीच माणसाची ओळख होती. मास्तरांचा बंद पडलेला नंबर कंपनीने बाईंना दिला खरा, पण बिलं, तक्रारी सगळं जुन्याच नावाला चिकटलेलं, आणि तिथूनच ते नाव परत उगवायचं.

तिने तक्त्यांचा संसार नव्याने मांडला. माणसं एका तक्त्यात, नंबर दुसऱ्यात, आणि कुठला नंबर कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत, ते तिसऱ्यात. नाव बरोबर आलं. पण चाचणीत स्क्रीन उघडायला इतका वेळ लागला, की साहेब म्हणाले, "तोवर ग्राहक म्हातारा होईल गं!"

तिला मात्र गंमत वाटली. एवढा वेळ यंत्र करतं तरी काय? पाहते तर काय, एका नंबरासाठी ते सगळ्या नंबरांचा इतिहास पहिल्यापासून चाळत बसलं होतं. एका शब्दासाठी अख्खं पुस्तक वाचावं, तसं. तिने तिसऱ्या तक्त्याला इंडेक्स जोडला, पुस्तकामागे सूची असते तसा. नंबर दिला की त्याचा आजचा मालक लगेच सापडावा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाव हजर! साहेब उगाचच पुन्हा पुन्हा बटण दाबून बघत राहिले.

नवी रचना सुरू झाल्यावर तिने बाईंना फोन केला.

"आज मदत केंद्रातली मुलगी 'ताई' म्हणाली हो!" बाई खूश होत्या. मग आवाज खाली आला. "मास्तरांना पुसून टाकलंत का?"

"छे! त्यांची वर्षं त्यांच्याच नावावर आहेत."

"बरं केलंत. पण एक सांगा, हा फोन दुपारी माझ्याकडे आणि संध्याकाळी आमच्या ह्यांच्याकडे असतो. मग आजचा मालक कोण?"

तिने वही-पेन समोर घेतलं. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "थांबा हं. हे जरा नीट सांगा बघू."