बांधाकडच्या केळीचा मुनवा

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी मी केळ बाटलीत उगवलेली पाहिली. घरी आल्यावर दोन दिवस मला दह्याकडं बघवलं नाही.

शाळा मी चौथीत सोडली. पण केळ मला कळते, हे पिशोरच्या शिवारात कुणालाही विचारा. आमची केळ बापानं लावलेली. फळ लहान, साल पातळ, आणि वास असा की कन्नडच्या बाजारात बायका दुरूनच आमच्या पाटीकडं वळत. केळीच्या बुडाला जे पिल्लू फुटतं त्याला मुनवा म्हणतात. तो खणून काढायचा आणि पुढं लावायचा, एवढीच आमची विद्या. बापाची एक ताकीद होती. आपल्या चांगल्या केळीचा मुनवा कुंपणाबाहेर द्यायचा नाही, बरकत जाते. मी सख्ख्या भावालासुद्धा दिला नाही. त्याचा त्याला अजून राग आहे. असू दे.

त्या हिवाळ्यात शहरातून एक प्रयोगशाळेवाला आला. पस्तिशीचा, लोणी लावून बोलणारा. म्हणाला, "काका, असं वाण दुसरीकडं नाही. आम्ही याची रोपं करतो. आधी आमची लॅब तर बघा." मला गाडीत घातलं आणि वाळूजच्या पलीकडं घेऊन गेला.

दारातच वहाणा काढायला लावल्या. तोंडाला फडकं बांधलं. आत स्पिरिटचा वास, आणि त्याखाली उकळलेल्या साखरेचा. काचेपलीकडं पोरी बसल्या होत्या. चिमट्यानं एक हिरवा गोळा धरायचा, चाकूनं त्याचे तुकडे करायचे, तुकडे परत बाटल्यांत. बाटलीच्या तळाला दह्यासारखा थिजलेला शेंबडाचा थर, आणि त्या शेंबडात केळ उभी! बोटभर, फिकट, ट्यूबलाइटच्या उजेडात. ऊन माहीत नाही, वारा माहीत नाही. कोपऱ्यात क्रेटभर बाटल्या फेकायला काढल्या होत्या. त्यांत पांढरी बुरशी मांजराच्या केसांसारखी वाढली होती.

"माती कुठंय?" मी विचारलं.

"माती नसते काका. मातीत जंतू असतात."

"मग हे खातंय काय?"

"साखर, क्षार, थोडी औषधं."

"म्हणजे चहाच पितंय की. बिस्कुट देता का नाय?"

बाटल्या धुणारी एक बाई फिसकन हसली. तो नाही हसला. मी काचेच्या दाराकडं निघालो तर त्यानं माझा दंड धरला. "नको काका, तुम्ही बाहेरूनच बघा. तुमचे हात..." पुढचं त्यानं गिळलं. मी माझे हात पाहिले. माझे हात घाण! आणि तो शेंबूड स्वच्छ!

परत येताना गाडीत म्हणाला, "तुम्ही फक्त एक मुनवा द्या. एकाचे हजारो करतो. उद्या तुमची बाग राहिली नाही तरी काही अडत नाही." कौतुकानंच म्हणाला असेल. मला मात्र त्याच्या गाडीतच थुंकावंसं वाटलं.

आठवड्यानं तो मुनवा न्यायला आला. आमच्या बांधाकडं एक केळ होती. पान मोठं यायचं म्हणून लग्नाकार्याच्या पंगतीसाठी ठेवलेली. घड मात्र नासका. खोडाच्या मानेतच अडकायचा, पुरता बाहेर यायचा नाही, केळ्यांची बोटं आखूड, दोन-दोन एकमेकांना चिकटलेली. तिच्या पिल्लांतही तीच खोड उतरायची. तेव्हा तिच्यावर घड नव्हता. मी कुदळ घेतली आणि तिच्याच बुडाचा मुनवा काढला.

"हीच का काका सगळ्यांत चांगली?"

"पान बघ की. आंधळा हाईस का?"

पान बघून तो हरखला. मातीत वाकून माझ्या पायाला हात लावला. तो गेल्यावर मी एकटाच लई हसलो.

नंतर ते सगळं मी विसरून गेलो. माझी एकुलती लेक कन्नडजवळ दिली आहे. दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "आबा, विहिरीला पाणी लागलं. दीड एकर केळ लावली. कुठली ते आत्ता नाय सांगत. घड निघाले की बघायला या." मला बरं वाटलं. पाण्याच्या पाळ्या मीच तिला सांगितल्या.

पुढच्या होळीच्या सुमारास तिनं बोलावलं. आवाज बसलेला होता. मी गेलो. शेतात शिरलो तेव्हा आधी दिसली ती पानं, मोठी, रुंद. मग पहिला घड दिसला. मानेत अडकलेला, बोटं चिकटलेली. दुसरा तसाच. तिसरा तसाच. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, तीही तशीच. माझ्या बागेत ही घाण एक होती, इथं दीड एकर उभी होती.

"आबा, ही तुमचीच केळ," लेक म्हणाली. "लॅबमधून तुमच्याच मुनव्याची रोपं आणली. तुम्हाला न सांगता लावायची होती."

बांधावर तिची सासू उभी होती. "वर्षभर नुसतं माझ्या आबांची केळ, माझ्या आबांची केळ! सगळ्या गावाला सांगून झालं. आता बघा म्हणावं आबांची केळ."

"केळीचा दोष नाय, आत्याबाई," लेक म्हणाली. "थंडीत माझ्याच पाण्याच्या पाळ्या चुकल्या. मीच कमी पडले." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "व्हय. केळ पाण्याला लई नाजूक असती."

एवढंच म्हणालो. मग त्यांच्या घरी बसून चहा प्यायलो. लेक भांडी घासत होती, सासू तिला टोचून बोलत होती, ती खाली मान घालून ऐकत होती, आणि मी बशीतला चहा फुंकत होतो.

परतीच्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरला थांबवून घाटाच्या अलीकडं ओकलो. प्रयोगशाळेवाल्याला शिव्या द्याव्यात तर तोंडात येईनात. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. मी दिलं तेच त्यानं इमानानं हजारदा करून दिलं. जंतू असतात म्हणाला होता, ते खरंच होतं. ते मातीत नव्हते, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं मी परत लेकीच्या गावी गेलो. विहीणबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. लेक चहा टाकायला उठली, तिला खाली बसवलं. जावयाला गोठ्यातून हाक मारून बोलावलं. "बसा की मामा," तो म्हणाला. मी बसलो नाही. तिघांच्या समोर उभा राहून सांगितलं, "पोरीनं पाणी बरोबर दिलं होतं. मुनवा मी नासका दिला. ठाऊक असून दिला."