गोऱ्ह्याचा गूळ

धुळ्याजवळच्या आमच्या गावात आबा, म्हणजे माझे वडील, कोवळ्या गोऱ्ह्यांना गाडी ओढायला शिकवत. चाबूक कधी उगारला नाही. गोऱ्हा चार पावलं नीट चालला की पाठीवर थाप आणि तोंडात गुळाचा खडा.

सातवीत शाळेच्या शर्यतीत मी शेवटची आले. सर ओरडले, "म्हैस तरी बरी पळते!" आबा दोरी ओलांडून आत आले. माझ्या पाठीवर थाप मारली, "बठ्ठं मैदान पयनी मनी माय!" म्हणजे सगळं मैदान पळाली माझी पोर, असं म्हणाले आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात गूळ कोंबला. मी भडकले. मी काय गोऱ्हा आहे? थुंकणारच होते, पण चघळत घरी आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरापासून शेतापर्यंत न थांबता पळाले. आबा गोऱ्ह्यापाशी उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. नुसतं तोंड उघडलं.